कागद पाठीकडून वाचणारा माणूस

२०२२ साल होतं. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि मुन्शी निकाळजे अठ्ठ्याहत्तरचे. त्या उन्हाळ्यात एका गुरुवारी त्यांचा फोटो पेपरच्या पहिल्या पानावर आला. शहागंजात माझं बायंडिंगचं दुकान आहे, तिथं पेपर टाकणाऱ्यानं मुद्दाम फोटो वर येईल अशी घडी घातली होती. मुन्शीजी चष्मा कपाळावर सारून बसलेले, आणि खाली जाड अक्षरात छापलेलं की अडीचशे वर्षांपूर्वीची सनद सापडली, पूर्वजांच्या पराक्रमाला तज्ज्ञांचा दुजोरा.

ते गेल्यावर त्यांच्याबद्दल बरंच लिहून आलं. मी सगळं वाचलं. सावकाश वाचतो, पण वाचतो. माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही पुरी नाही. तरी या माणसाचे कागद चाळीस वर्षं मी शिवलेत, म्हणून त्यांच्यावर लिहायचा हक्क माझाही आहे. लिहिणाऱ्यांनी त्यांना 'मोडीचे व्यासंगी' केलं आणि सोडून दिलं. त्या गुरुवारपासून सोमवारपर्यंत काय झालं, ते त्यांच्यातल्या एकाला ठाऊक नाही.

मुन्शी हे त्यांचं नाव नव्हे. ते जुन्या दप्तराच्या खोलीत शिपाई म्हणून लागले होते. कागदांचे बस्ते डोक्यावर घेऊन या कपाटातून त्या कपाटात न्यायचे, एवढंच काम. तिथं निजामाच्या वेळचा एक म्हातारा कारकून होता. त्याची नजर गेली, तेव्हा तो कागदावर बोट ठेवायचा आणि निकाळजेंना विचारायचा, "ये हरफ कैसा दिखता है, बोल." म्हातारा निकाळजेंचे डोळे वापरून घेत होता आणि हा माणूस शिकून घेत होता. असं करत मोडी आली, उर्दू आली. रिटायर होईपर्यंत साहेबसुद्धा मुन्शीजी म्हणू लागले.

पुढं ते घराच्या ओसरीवर बसायचे. जालन्यापासून लोक जुने कागद घेऊन यायचे. कागद आला की मुन्शीजी हात धुवायचे, स्वतःच्या पंच्यानं कोरडे करायचे. चहा आला असेल तर तो उंबऱ्यापलीकडं. मग कागद हातात घ्यायचे आणि पहिल्यांदा पालथा करायचे. माणूस घाईला आलेला असायचा. म्हणायचा, "मजकूर इकडून आहे."

"असू द्या. समोरची बाजू मालकासाठी लिहिलेली असते. पाठीवर कारकून लिहितो, कधी आला, कुणाकडं दिला, कुठल्या बस्त्यात ठेवला. आणि कारकुनाला खोटं बोलायचा कंटाळा असतो."

वाचून झालं की आजच्या अक्षरात उतरवून द्यायचे. खाली एकच ओळ, 'वाचलं तसं लिहिलं', आणि सही. कुणी विचारलं, कागद अस्सल आहे का, तर म्हणायचे, "ते वेगळं काम आहे. आठ दिवस कागद माझ्यापाशी ठेवा, मग सांगतो." आठ दिवस कुणीच ठेवत नव्हतं. वाचून मिळालं की लोकांचं काम झालेलं असायचं.

एकदा एक बडे गृहस्थ गाडीतून आले. घराण्यावर पुस्तक काढायचं होतं. रेशमी रुमालात गुंडाळलेला कागद त्यांनी दोन्ही हातांनी दिला. मी तिथंच पुठ्ठे मापत बसलो होतो. मुन्शीजींनी वाचलं आणि सांगितलं, "तुमच्या खापरपणजोबांची म्हैस दुसऱ्याच्या ज्वारीत शिरली. चावडीवर त्यांनी माफी मागितली, त्याचा कागद आहे."

"दुसरं काहीच नाही?"

"आहे ना. म्हशीचं वर्णन आहे. एक शिंग मोडलेलं."

गृहस्थ जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. मुन्शीजी शांतपणे म्हणाले, "साहेब, खरा कागद असाच असतो. त्याला तुम्ही येणार हे ठाऊक नसतं." गाडी गेल्यावर माझ्याकडं वळले. "उस्ताद, ज्या कागदाला आपण येणार हे आधीच कळलेलं असतं, त्याला भ्यायचं."

मला उस्ताद म्हणायचे ते निम्मं मानानं, निम्मं चिडवायला.

त्यांची एक वही होती. त्यांचं गाव पाचोडच्या अलीकडं. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथंच राहतात. दप्तरात त्या गावच्या कुठल्याही कागदात आपल्या वस्तीतल्या माणसाचं नाव दिसलं की ते वहीत उतरवायचे. चाळीस वर्षांत पाऊण वही भरली. सगळी नावं वेठीला नेलेल्यांची. कुणी सरकारी सामान वाहिलं, कुणी जनावरं हाकली. एकदा १४ एप्रिलला वस्तीच्या स्टेजवरून त्यांनी ती नावं वाचायला घेतली. दहाव्या नावाला बायका उठल्या, विसाव्याला माईकवाल्यानं घड्याळ दाखवलं. घरी येताना मला म्हणाले, "बरोबर आहे लोकांचं. आजा सामान वाहत होता, हे ऐकायला कोण बसंल?" हसून म्हणाले, पण पुढं त्या स्टेजवर वही नेली नाही.

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बबन त्यांचा पुतण्या, त्याच गावात राहणारा. वस्तीची तीस घरं हायवेला लागून आहेत. त्या जागेला मोल आल्यावर गावातल्या एका मोठ्या घरानं ती आपली म्हणून दावा लावला होता. तहसीलला सुनावण्या चालू होत्या आणि वस्तीच्या बाजूनं बबन धावपळ करायचा. बातमीच्या दोन दिवस आधी तो ओसरीवर आला. बरोबर वीस माणसं, आणि मोबाइलमध्ये एक फोटो. शहरातल्या कुणी संशोधकानं एका जुन्या घरातून सनद शोधून 'समाजासाठी' दिली होती. सोबत स्वतःचा सत्कारही ठरवून घेतला होता.

मोबाइलला पाठ नसते. मुन्शीजींनी हात धुतले नाहीत, चहाही बाजूला सारला नाही. गावाचं नाव दिसलं आणि ते तिथूनच वाचत सुटले. गावच्या तळ्याचा बांध पुरात फुटत होता, तेव्हा या वस्तीच्या माणसांनी आडवं पडून तो धरला, गाव वाचवलं, म्हणून तळ्याच्या दक्षिणेची, म्हणजे वस्तीचीच, जागा त्यांना वंशपरंपरा दिली. वाचता वाचता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बायका डोळ्याला पदर लावत होत्या. बबननं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी वाचन उतरवून दिलं. खाली नेहमीची ओळ आणि सही.

बुधवारी बातमीदार बाईंनी येऊन फोटो काढला, गुरुवारी बातमी आली. शुक्रवारी सकाळी मुन्शीजी माझ्या दुकानात आले. हातात तोच पेपर. मला वाटलं, मिरवायला आले. मी खुर्ची पुसली.

ते बसले नाहीत. म्हणाले, "उस्ताद, माझी आजी तळ्यावर कामाला होती."

"कोणत्या तळ्यावर?"

"ह्याच. दुष्काळात खोदलं ते. तिनं मातीच्या पाट्या वाहिल्या. चुंबळ ठेवून ठेवून तिच्या टाळूवर केस उरले नव्हते. मी लहानपणी तिथं बोट फिरवायचो, ती हसायची." त्यांनी पेपर माझ्या टेबलावर टाकला. "तळं माझ्या आजीनं खोदलं. मग अडीचशे वर्षांमागं बांध कुणी धरला?"

"कुणीतरी आजचा नकाशा घेऊन बसलाय आणि चारी दिशा उतरवल्यात. मी वाचत होतो तेव्हा दिसलं नाय. स्वतःच्या अक्षरात लिहिलं तेव्हाबी नाय. छापून आलं तेव्हा दिसलं. त्या कागदाला मी येणार हे ठाऊक होतं."

माझ्या दुकानातूनच त्यांनी बातमीदार बाईंना फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. बाई वाईट नव्हत्या. गडबडून गेल्या.

"काका, पण सही तुमची आहे."

"वाचनाखाली आहे. सनदेखाली नाही."

"तुम्ही वाचलंत म्हणजे..."

"तुमच्या घरी आलेलं पत्र मी वाचून दाखवलं, तर त्यातलं सगळं खरं होतं का?"

बाई म्हणाल्या, "आम्ही एका प्राध्यापकांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, निकाळजेंनी वाचलंय, मग मी काय बघायचं?"

"आणि ज्यानं सनद दिली तो?"

"तो म्हणाला, प्राध्यापकांनी मान्य केलीय."

मुन्शीजींनी माझ्याकडं पाहिलं. तीन माणसं एकमेकांच्या भरवशावर निश्चिंत होती आणि कागद कुणीच पालथा केला नव्हता. मला आठवतं, त्यांचा राग उतरला आणि ते नुसते थकलेले दिसू लागले.

"किती वेळ होता तुम्हाला?"

"दुपारी सगळं जमलं, संध्याकाळी पान गेलं. थांबलो असतो तर दुसऱ्यांनी छापलं असतं. आणि खरं सांगू का काका, इतकी चांगली बातमी होती. ती खोटी असावी असं आमच्यात कुणालाच वाटत नव्हतं."

"मलाबी वाटत नव्हतं बाई. खुलासा छापा."

"पुरावा द्या, उद्याच छापते. आजीची आठवण मी संपादकांना पुरावा म्हणून कशी देऊ?"

"छापायला पुरावा लागला नाही," मुन्शीजी म्हणाले, "पुसायला लागतो." आणि फोन ठेवला.

सोमवारी पैठणला सुनावणी होती. बबनचा वकील सनद त्या दिवशी दाखल करणार होता. वस्तीचा खरा पुरावा वेगळाच होता आणि मुन्शीजींनीच तो वर्षभरापूर्वी काढून दिलेला. जुन्या पाहणीचं पत्रक. जागा कुणाच्या वहिवाटीत, त्या खान्यात ओळीनं वस्तीतल्या माणसांची नावं. त्यात पराक्रम नाही, पूर नाही. फक्त नावं. शिक्क्याची नक्कल बबनच्या फायलीत होती, पण सनद आल्यापासून तो त्या नकलेला हात लावत नव्हता.

"समोरचा वकील सनदेवर एक शब्द बोललेला नाय," मुन्शीजी म्हणाले. "पेपरात आलं तरी गप. त्याला कळलंय, उस्ताद. आपण दाखल करायची वाट बघतोय तो. एकदा खोटा कागद दाखल झाला की पत्रकावर कोण विश्वास ठेवणार? तीस घरं उठतील."

रविवारी आम्ही गावाला गेलो. "कागदातलं मला कळतं, कागद तुम्हाला कळतो," म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. विहाराच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं जमली होती. सनद काचेच्या फ्रेममध्ये भिंतीला लावली होती, वर झेंडूचा हार.

मी काचेजवळ गेलो आणि कागदाच्या काठाकडं बघितलं.

जुनं पुस्तक नव्यानं शिवताना पानांच्या काठाला सुईची भोकं पडतात. शहरातले बाकी बायंडर चार पाडतात, सारख्या अंतरावर. माझे उस्ताद पाच पाडायचे, वरची दोन अगदी जवळ, म्हणजे पुस्तकाची मान मोडत नाही. ते गेले, आता तसं शिवणारा मी एकटा. फ्रेममधल्या कागदाच्या काठावर पाच भोकं होती. वरची दोन जवळ.

भोकं पाडून झाली की मागची जास्तीची कोरी पानं मी काढून ठेवतो. आमच्याकडची जुनी पानं कागजीपुऱ्याच्या हातकागदाची, दुसऱ्या जुन्या पुस्तकाला ठिगळ लावायला उपयोगी पडतात. मुन्शीजींनी मला वीस वर्षांपूर्वीच बजावलं होतं, "उस्ताद, कोरं जुनं पान कुणाला देऊ नका. त्याच्यावर काय लिहिलं जाईल ते आपल्या हातात नाही." आणि मी छातीवर हात मारून सांगत आलो होतो की माझ्या ट्रंकेतून पान बाहेर जात नाही. एकदा गेलं होतं. खादीचा सदरा घातलेला एक संशोधक दुकानात आला, माझं शिवण बघितलं आणि म्हणाला, "गुरुजी, ही कला विद्यापीठात शिकवायला हवी." आयुष्यात मला कुणी गुरुजी म्हटलं नव्हतं. फाटक्या पोथीसाठी म्हणून त्यानं मागितली आणि मी आठ पानं दिली.

तेवढ्यात मुन्शीजी म्हणाले, "बबन, फ्रेम काढ. पाठ बघायची."

"पाठीवर काय राहतंय काका? कोरी हाय."

"म्हणूनच बघायची."

कुणीतरी फ्रेम उतरवून मागचे खिळे काढले. मुन्शीजींनी कागद हातावर घेतला, पालथा केला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "अडीचशे वर्षांत ह्या कागदाला एकाही कारकुनाचा हात लागला नाय. तळं माझ्या आजीनं खोदलं, तुमच्याबी आज्या होत्या तिथं. हा कागद खोटा हाय. मी बिनबघता वाचला, चूक माझी. उद्या हा लावू नका. पत्रक लावा."

बबन बोलला, आणि तो ओरडला नाही म्हणून जास्त लागलं. "काका, पाच दिसांमागं तुमीच रडलात हा वाचून. आज खोटा झाला? मधी कोण भेटलं तुमाला?"

"कोण भेटायचं?"

"समोरच्या पार्टीचं कुणी?"

मागून एक जण म्हणाला, "शहरात राहून मुन्शीजी झालेत. आपली जागा गेली तं ह्यांचं काय जातं?"

पुढं बसलेल्या द्वारकाबाई वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या. त्या म्हणाल्या, "थांबा रे. तळ्यावर माझी सासूबी होती, हे काय खोटं नाय. पण बाबा, तहसीलदार म्हातारीचं डोस्कं बघनार का कागद? ह्या कागदात आमी मानसं हावोत. तुह्या पत्रकात निस्ती नावं."

मुन्शीजी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांच्या स्वतःच्या मनातलं कुणीतरी भर सभेत बोललं होतं. म्हणाले, "व्हय आक्का. मलाबी तेच पाहिजे होतं."

बबननं कागद त्यांच्या हातातून घेतला. "पुरावा हाय का, खोटा असल्याचा? आजी सोडून?"

पन्नास माणसांत एक मी होतो, ज्याच्याजवळ पुरावा होता. तोंड उघडायचा अवकाश होता, आणि मी भिंतीवरचा रिकामा खिळा बघत उभा राहिलो. वीस वर्षं छातीवर हात मारून सांगितलेलं ती आठ पानं खोटं पाडणार होती. लिहितोय म्हणजे काही सोडत नाही.

चहासुद्धा न घेता निघालो. पाचोडहून गाडी मिळाली. आडूल गेलं तरी मुन्शीजी खिडकीबाहेर बघत होते. मग माझ्याकडं न वळताच म्हणाले, "उस्ताद, तुमचं शिवण लांबून ओळखू येतं."

पुढं ते विचारतील म्हणून मी थांबलो. 'कधी दिलं? कुणाला दिलं? मी बजावलं होतं ना?' त्यांनी काही विचारलं नाही. चिकलठाण्याकडं विमान उतरत होतं, त्याकडं बघत म्हणाले, "मी उद्या पैठणला जातो. दप्तरातून पत्रकाची आणखी एक नक्कल काढून ठेवली होती, ती घेऊन बसतो. कुणी मागितली तर देतो."

"मागतील?"

"नाही मागणार."

स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. ते रिक्षाला हात न करता चालत निघाले. आखूड पावलं, एका हातानं धोतराचा सोगा धरलेला. कोपऱ्यावर थांबून त्यांनी एका माणसाला वाट दिली. मी वाट बघत होतो की ते मागं वळून बघतील. त्यांनी बघितलं नाही. मला मोकळं सोडून गेले ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. ट्रंकेतलं उरलेलं कोऱ्या पानांचं बाड पिशवीत घातलं आणि पैठणची पहिली गाडी धरली. तहसीलच्या आवारात वस्तीतली माणसं झाडाखाली उभी होती. त्यांच्यापासून चांगली वीस पावलं दूर मुन्शीजी एकटे बाकावर बसले होते, मांडीवर नक्कल. त्यांनी मला पाहिलं, पण बोलावलं नाही. मीही त्यांच्याकडं गेलो नाही. सरळ बबनच्या वकिलासमोर जाऊन बाड काढलं आणि सनदेच्या काठाला काठ लावला. म्हणालो, "हा कागद माझ्या दुकानातून गेला. मीच दिला. कुणाला दिला ते लिहून घ्या, मी सही करतो. आत विचारलं तर आतही सांगतो."

बबननं पाचही भोकांवर एकेक करून बोट ठेवलं. पुन्हा वरून सुरुवात करून ठेवलं. मग सनद माझ्या बाडावर ठेवली आणि वीस पावलं चालत जाऊन चुलत्यापुढं दोन्ही हात पसरले. मुन्शीजींनी नक्कल त्याच्या हातावर ठेवली आणि बाकावर त्याच्यासाठी जागा केली.